मृत्यूनंतरचा कारभार

प्रेत कुनोझानच्या डोंगरावर ठेवायचे. अंत्यविधी एदो शहरातल्या झोजोजी या बौद्ध मठात करायचे. नावाची पाटी जन्मभूमीत, मिकावा प्रांतातल्या दाइजुजी मठात बसवायची. आणि वर्षश्राद्ध उरकले की उत्तरेला निक्कोच्या डोंगरात एक लहानसे देऊळ बांधून तिथे देव म्हणून स्थापना करायची. कान्तोच्या आठ प्रांतांची राखण तिथून होत राहील. इ. स. १६१६ च्या वसंतात, सुन्पूच्या किल्ल्यात अंथरुणाला खिळलेल्या तोकुगावा इएयासुने विश्वासातल्या तिघांना हे बजावून सांगितले. त्यांतल्या सूदेन नावाच्या झेन भिक्षूने ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले, म्हणून आज चारशे वर्षांनंतरही या माणसाची शेवटची इच्छा कलमवार वाचता येते.

‘लहानसे’ हा एक शब्द सोडला तर पुढे सगळे त्याच्या म्हणण्याप्रमाणे झाले. तोक्योच्या असाकुसा स्थानकावरून रेल्वेने दोनेक तासांत निक्कोला पोचता येते. तिथले तोशोगू हे शिंतो देवस्थान म्हणजे डोंगरउतारावर पसरलेल्या ५५ वास्तूंचे गाव आहे. त्यांतल्या आठ वास्तू जपानच्या राष्ट्रीय ठेव्यात मोडतात आणि १९९९ पासून हा सारा परिसर जागतिक वारसा आहे. माणसे इथे येतात ती तीन माकडे आणि झोपलेले मांजर पाहायला. त्या मांजराच्या मागे, २०७ दगडी पायऱ्यांच्या वर इएयासुची समाधी आहे, आणि खालचा सगळा थाट तिच्यासाठी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

मरणाऱ्या माणसाला इतके बारकाईने का आखावेसे वाटले असेल? त्याचे आयुष्य पाहिले की उत्तर मिळते. १५४३ मध्ये ओकाझाकीच्या एका दुबळ्या सरदारघराण्यात तो जन्मला. बालपण आधी ओदा आणि मग इमागावा घराण्याकडे ओलीस म्हणून गेले. पुढे ओदा नोबुनागाचा मित्र म्हणून तो लढला. नोबुनागा १५८२ मध्ये आपल्याच सरदाराच्या दगाबाजीत संपला. मग तोयोतोमी हिदेयोशीचे वर्चस्व त्याने मान्य केले, आणि १५९० मध्ये पिढीजात मुलूख सोडून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, बस्तान हलवले. १५९८ मध्ये हिदेयोशी मरण पावला. त्याचा मुलगा हिदेयोरी तेव्हा पाच वर्षांचा. त्या पोराला सांभाळण्याच्या शपथा हिदेयोशीने मरणापूर्वी पाच बड्या सरदारांकडून घेतल्या होत्या. त्या पाचांतला सर्वांत बलाढ्य सरदार होता इएयासु.

मृत्यूच्या पुढच्याच वर्षी हिदेयोशीला क्योतोत देव म्हणून प्रतिष्ठापित केले गेले. तोयोकुनी दाइम्योजिन हे त्याचे देवनाम. देऊळ भव्य होते, उत्सव त्याहून भव्य. त्यानंतर १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून इएयासु देशाचा धनी झाला, १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे राज्याची सत्ता हाती असलेला सेनापती, झाला, दोनच वर्षांत ते पद मुलाला, हिदेतादाला, देऊन स्वतः मागे बसून सूत्रे हलवू लागला. १६१५ च्या उन्हाळ्यात ओसाकाचा किल्ला पडला आणि हिदेयोरीने आत्महत्या केली. हिदेयोशीचे देवपद काढून घेतले गेले, त्याचे देऊळ ओस पडले. बाप देव झाला, तरी मुलगा वाचला नाही. हे सगळे घडवून आणणारा माणूस पुढच्याच वर्षी स्वतः मरणाला टेकला होता. मेलेल्या धन्याचे घर किती सहज कोसळते, हे त्याच्याइतके जवळून कोणीच पाहिले नव्हते. माझ्या मते निक्कोच्या सोन्यारंगाखाली खरी हीच भीती आहे. ती नीट ओळखली तरच या देवस्थानाचा अर्थ लागतो.

जपानी मोजणीने ७५ व्या वर्षी, चांद्र चौथ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी इएयासु गेला. त्याच रात्री प्रेत कुनोझानवर नेण्यात आले. सुरुगा उपसागराच्या काठावर सरळसोट उभा असलेला हा डोंगर सुन्पूपासून जवळ आहे. दफनाचे विधी बोनशुन नावाच्या पुरोहिताने योशिदा शिंतो पद्धतीने केले. समाधीचे तोंड पश्चिमेकडे आहे. तोकुगावांवर मनापासून निष्ठा नसलेले सरदार पश्चिमेला होते, त्यांच्यावर नजर राहावी अशी इएयासुचीच इच्छा होती, असे तिथली परंपरा सांगते.

प्रेत मातीआड होते न होते तोच, देव कोणत्या पंथाचा यावरून वाद पेटला. सूदेन आणि बोनशुन यांचे म्हणणे, योशिदा शिंतोच्या रीतीने ‘दाइम्योजिन’ ही पदवी द्यावी. तेनकाई हा तेंदाई पंथाचा बौद्ध भिक्षू आडवा आला. त्याला ‘दाइगोंगेन’ हवे होते, म्हणजे बुद्धाने जगाच्या कल्याणासाठी घेतलेले देवरूप. त्याचा सर्वांत मोठा युक्तिवाद व्यवहारातला होता: दाइम्योजिन झालेल्या हिदेयोशीच्या वंशाचे काय झाले ते पाहा. हा बाण वर्मी लागला. हिदेतादाने तेनकाईचे ऐकले, आणि १६१७ मध्ये सम्राटाच्या दरबाराकडून आलेल्या नावांतून ‘तोशो दाइगोंगेन’ हे नाव निवडले गेले. पूर्व उजळणारा महावतार, असा त्याचा आशय.

या अवताराचे मूळ रूप म्हणजे याकुशी, आपल्या बौद्ध परंपरेतला भैषज्यगुरू बुद्ध. म्हणून तोशोगूच्या आवारात याकुशीचे स्वतंत्र मंदिर आले, मनोरा आला, ग्रंथागार आले. शिंतो देव आणि बौद्ध बुद्ध एका अंगणात, एकाच पूजेत नांदू लागले. त्या काळच्या जपानला यात काही खटकत नव्हते; शेकडो वर्षे तिथे असेच चालत आले होते. निक्कोचे डोंगर तर आठव्या शतकात शोदो नावाच्या भिक्षूने येऊन साधनेसाठी मोकळे केले, तेव्हापासून बुद्धाचे आणि पर्वतदेवांचे समाईक होते.

खटकण्यासारखी होती ती समाधी. आळंदीत समाधीवरच माथा टेकणाऱ्या मराठी माणसाला देवळात समाधी असण्याचे नवल वाटणार नाही, पण शिंतोमध्ये मृत्यू हा विटाळ आहे. जपानी घरातले मूल जन्मानंतर शिंतो देवळात नेतात, आणि मृत्यूचे विधी मात्र बहुधा बौद्ध मठाकडे जातात. देवळाच्या हद्दीत प्रेत पुरणे तर दूरच. म्हणूनच तोशोगूची रचना विचार करून केलेली दिसते. देव म्हणून पूजा घेणारा इएयासु खालच्या गाभाऱ्यात आहे. समाधीतला इएयासु वर, दाट जपानी देवदारांत, स्वतंत्र दरवाजे आणि कुंपणे ओलांडून जावे लागेल अशा ठिकाणी आहे.

१६१७ च्या वसंतात पालखी कुनोझानहून निघाली. वाटेत कावागोए इथे तेनकाईच्या किताइन मठात मोठे विधी झाले, आणि चौथ्या महिन्याच्या आरंभी ती निक्कोला पोचली. पहिले देऊळ हिदेतादाने बांधले. आज आपण पाहतो ते त्याच्या मुलाचे, तिसरा शोगुन इएमित्सु याचे काम. इएमित्सु आजोबांचा निस्सीम भक्त होता. स्वप्नात आजोबा दिसले की तो ते रूप कानो तान्यू या दरबारी चित्रकाराकडून काढून घेई; ती स्वप्नचित्रे आजही जपलेली आहेत. १६३४ मध्ये त्याने पुनर्बांधणीला हात घातला आणि दीड वर्षाच्या आत, १६३६ मध्ये, ती पुरी केली. कोरा मुनेहिरो हा प्रमुख सुतार. खर्चाचा जो हिशेब मिळतो त्यात ५ लाख ६८ हजार र्यो सोने, १०० कान चांदी आणि १००० कोकू तांदूळ असे त्या काळच्या मापांतले आकडे आहेत, आणि मजुरीचे दिवस ४५ लाखांवर जातात. नक्षीतल्या मूर्ती मोजल्या गेल्या तेव्हा ५१७३ भरल्या. घाईने केलेल्या कामाची एकही खूण तिथे नाही, हे मला अजूनही थक्क करते.

देवस्थानाच्या तोंडाशी दगडी तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान आहे. कुरोदा नागामासा या क्यूशूच्या सरदाराने ती आपल्या मुलखातल्या दगडातून घडवून १६१८ मध्ये अर्पण केली. इतक्या दूरचा सरदार इतका अवजड दगड समुद्रमार्गे धाडतो, त्यात श्रद्धा किती आणि हजेरी किती हे ज्याचे त्याने ठरवावे. कमानीतून आत गेल्याबरोबर डावीकडे पाच मजली बौद्ध मनोरा आहे. सध्याचा मनोरा १८१८ चा, आधीचा आगीत गेला. त्याचा मधला खांब वरून साखळीने टांगलेला असून तळाला जमिनीपासून जरासा अधांतरी आहे. लाकूड वर्षानुवर्षे आक्रसत जाते, मजले खाली बसतात, तरी खांब छताला खालून ढोसत नाही.

पुढे पवित्र घोड्याची पागा आहे. वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये सांगणारी तीन माकडे या पागेच्या भिंतीवर आहेत, कारण माकड घोड्याला रोगराईपासून राखते अशी समजूत होती. ही माकडे एकटी नाहीत. आठ फलकांवर माकडाच्या रूपाने माणसाचे अख्खे आयुष्य कोरले आहे: पोराच्या भवितव्याकडे डोळे लावलेली आई, आभाळाकडे पाहणारा तरुण, हताश मित्राच्या पाठीवर हात ठेवणारा सोबती, शेवटी गर्भार माकडीण. एका फलकाचे फोटो काढून सगळे पुढे सरकतात. बाकीचे सात फलक बघायला थांबावे.

समोरच्या भांडारघराच्या दर्शनी भिंतीवर दोन हत्ती आहेत. त्यांचे रेखाटन कानो तान्यूचे. त्याने हत्ती कधी पाहिलेला नव्हता, ऐकीव माहितीवर आणि जुन्या चित्रांवर त्याने तो काढला. कान भलतेच, शेपटी भलतीच, अंगावर लव. भारतीय माणूस तिथे हसतो. पण त्या हत्तीचे वजन तान्यूला कळले होते. जनावर डोळ्यांपुढे नसताना त्याचा भारदस्तपणा रेषेत आणणे ही साधी गोष्ट नव्हे.

मग योमेईमोन. अकरा मीटर उंचीच्या या दरवाजावर ५०८ कोरीव मूर्ती आहेत: ड्रॅगन, ऋषी, खेळणारी मुले, पाण्याच्या रांजणात पडलेल्या दोस्ताला वाचवण्यासाठी रांजण फोडणारा चिनी मुलगा. शिंपल्यांच्या भुकटीचा पांढरा रंग दिलेल्या बारा खांबांपैकी एकावरची नक्षी मुद्दाम उलटी ठेवली आहे, कारण काम पुरे झाले की ऱ्हास सुरू होतो असे मानत. या आवारातल्या नक्षीत बाकू नावाचा काल्पनिक प्राणी वारंवार दिसतो. तो लोखंड आणि तांबे खातो, म्हणजे धातू शस्त्रांत गेला की उपाशी मरतो. शांततेच्या काळातच जगणारे जनावर. ज्या घराण्याने शंभर वर्षांच्या यादवीनंतर तलवारी म्यान करायला लावल्या, त्यांनी ते निवडून कोरवले, यात मला प्रचारापेक्षा खरी तळमळ दिसते.

जर्मन वास्तुकार ब्रुनो ताउट १९३३ मध्ये जपानला आला. क्योतोचा साधासुधा कात्सुरा प्रासाद त्याने डोक्यावर घेतला आणि निक्कोला नाक मुरडले. तेव्हापासून जाणकारांत हेच मत चालत आले आहे. मला ते पटत नाही. ताउटने दरवाजा पाहिला. दरवाजा ज्या वाटेवर आहे ती वाट त्याच्या हिशेबात आली नाही. भरगच्चपणाला इथे काम आहे. पायरीपायरीने डोळे इतके भरून टाकायचे की पुढचे रितेपण अंगावर यावे.

त्या रित्या वाटेचा आरंभ झोपलेल्या मांजरापासून होतो. हिदारी जिंगोरो या दंतकथेतल्या कारागिराच्या नावावर असलेले हे छोटे कोरीव मांजर एका तुळईवर निजले आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला चिमण्या निर्धास्त खेळत आहेत. त्याच्या खालून गेले की सोने संपते, रंग संपतो. देवदारांतून दगडी पायऱ्या वर चढतात, एकेक पायरी एकेका अखंड शिळेची. पूर्वी या वाटेवर फक्त शोगुनाला प्रवेश होता. सामान्य माणसाला ती १९६५ मध्ये, इएयासुच्या, जपानी मोजणीने, साडेतीनशेव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने खुली झाली.

वर काळ्या रंगाचा, धातूच्या पत्र्याने मढवलेला सभामंडप, त्यामागे ओतीव दरवाजा, आणि त्यामागे समाधी. पायऱ्यापायऱ्यांच्या आठकोनी चौथऱ्यावर एक गोलसर कुंभ, त्यावर छत्र, त्यावर कळस. आधी हे लाकडी होते, मग दगडी झाले. १६८३ च्या भूकंपात दगड फुटला, तेव्हा पाचवा शोगुन त्सुनायोशी याने ते ओतीव धातूत करवले. पुढ्यात धूपपात्र, कमळांची फुलदाणी आणि सारस पक्ष्याच्या चोचीत धरलेला मेणबत्तीचा दांडा. बस्स. कार्ले किंवा भाजे पाहिलेल्या माणसाला हा आकार ओळखीचा वाटेल, आणि ती ओळख खरीच आहे: चौथरा, अंड, छत्र हा स्तूपाचा वंश इथून चीन-कोरियामार्गे तिथवर पोचला. शिंतो देवळातल्या या सर्वांत पवित्र जागी उभी असलेली वस्तू घडणीने बौद्ध आहे.

या समाधीचा उपयोग तोकुगावांनी पुरेपूर करून घेतला. शोगुन मोठ्या लवाजम्यानिशी निक्कोची यात्रा करत. सरदारांनी मागोमाग यायचे. १६४५ मध्ये सम्राटाकडून देवस्थानाला वरचा दर्जा मिळाला आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी सम्राटाचा दूत नजराणा घेऊन येऊ लागला. हा पायंडा १८६७ पर्यंत टिकला. कोरियाच्या राजाने पाठवलेली घंटा योमेईमोनच्या अलीकडे टांगलेली आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३६ मध्ये तांब्याचे मोठे झुंबर नजर केले आणि त्याच वर्षी जपानच्या कैदेत असलेला त्यांचा पीटर नाउट्स हा अधिकारी सुटला. नंतर आलेल्या फिरत्या डच दिव्यावर तर तोकुगावांचे तीन पानांचे घराणेचिन्ह उलटे बसले आहे. कुणी ते सरळ केले नाही. माल खरोखर सातासमुद्रापलीकडून आला याचा तो पुरावाच होता.

१८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली. ओतोरी केइसुकेचे शोगुननिष्ठ सैनिक निक्कोत येऊन बसले आणि नव्या सरकारचा सेनानी इतागाकी ताइसुके त्यांच्या मागावर आला. मठातल्या भिक्षूंनी मध्यस्थी केली, इतागाकीने देवस्थानात लढाई नको म्हणून निरोप धाडला, आणि ओतोरीची फौज आइझूकडे निघून गेली. पुढे याच इतागाकीने जपानमध्ये लोकांच्या हक्कांची चळवळ उभारली. निक्कोच्या रस्त्यावर त्याचा पुतळा आहे, आणि तो तिथे असणे अगदी रास्त आहे.

तोफांनी जे केले नाही ते सरकारी हुकमाने केले. शिंतो आणि बौद्ध वेगळे करा, असा आदेश त्याच वर्षी निघाला. निक्कोचे एकत्र कुटुंब तिघांत वाटले गेले: तोशोगू, फुतारासान देवस्थान आणि रिन्नोजी मठ. रिन्नोजीचे मोठे बुद्धमंदिर जागचे हलवावे लागले. १८७६ मध्ये सम्राट मेइजी निक्कोला आला, त्याने जुने वैभव टिकावे म्हणून पैसे दिले, तेव्हा कुठे ते मंदिर सावरले. याकुशीचे मंदिर आणि ग्रंथागार यांची मालकी कुणाची, यावर विसाव्या शतकातही कोर्टकज्जे चालले. त्यातच १९६१ मध्ये याकुशीचे मंदिर जळाले. त्याच्या छतावरचा प्रसिद्ध ड्रॅगन नंतर कातायामा नानपू या चित्रकाराच्या हातून पुन्हा उतरला. ज्या बुद्धाचा अवतार म्हणून इएयासु देव झाला, त्या बुद्धाशी असलेले नाते कागदोपत्री तोडले गेले. मला ही तोडफोड क्लेशकारक वाटते. तेनकाईने बांधलेली कल्पना राजकीय असेल, पण तिच्यात दोन्ही देवांना जागा होती.

१८७३ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. इएयासुच्या शेजारी दोन नवे देव बसवले गेले. एक जपानमधल्या पहिल्या शोगुनशाहीचा संस्थापक मिनामोतो नो योरितोमो. दुसरा तोयोतोमी हिदेयोशी. ज्याचे देवपद काढून घेतले, ज्याच्या वंशाचा ओसाकात शेवट केला, तो आता त्याच गाभाऱ्यात. मे महिन्यात १७ आणि १८ तारखेला वसंतोत्सव भरतो, हजाराहून अधिक माणसे जुन्या काळचे चिलखत आणि पोशाख घालून मिरवणुकीत चालतात, आणि त्यांच्यात तीन पालख्या असतात. त्यांतली एक हिदेयोशीची.

देवस्थान टिकले ते हातांच्या बळावर. दमट डोंगरात लाखेचा रंग आणि सोन्याचा वर्ख फार टिकत नाही. एक वास्तू पुरी होईतो दुसरीचे काम निघते. योमेईमोनची शेवटची मोठी डागडुजी २०१३ ते २०१७ अशी चालली आणि सोन्याच्या वर्खाची सुमारे २ लाख ४० हजार पाने लागली. त्या वेळी बाजूच्या भिंतीवरचा कोरीव फलक काढला, तर मागे जुन्या काळचे रंगीत चित्र निघाले. राष्ट्रीय ठेव्यातल्या वास्तूंना देशीच लाख वापरायची, असे धोरण आता सरकारने धरले आहे. त्यामुळे इवाते प्रांतातल्या जोबोजी भागात झाडांना चिरा पाडून थेंबथेंब चीक गोळा करणाऱ्यांच्या कष्टांवर निक्कोची लकाकी अवलंबून आहे.

देवस्थानाकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यांवर पस्तीसेक किलोमीटर देवदारांची रांग आहे. मात्सुदाइरा मासात्सुना या सरदाराने वीसहून अधिक वर्षे रोपे लावून ती अर्पण केली. १२ हजारांच्या आसपास झाडे अजून उभी आहेत, पण मोटारींच्या रहदारीने मुळे दबली आहेत. १९९६ पासून तोचिगी प्रांताने एक योजना चालवली आहे: १ कोटी येन भरून एका झाडाचे पालक व्हायचे आणि त्या पैशाच्या व्याजातून जतनाचा खर्च भागवायचा.

राहता राहिला प्रश्न हाडांचा. १६१७ मध्ये पालखीतून देह निक्कोला नेला की फक्त देवत्व नेले? दोन्ही ठिकाणी समाधी आहे आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या जागेवर ठाम आहेत. हिदेतादा आणि इतर काही शोगुनांच्या बाबतीत असे गूढ उरलेले नाही. तोक्योतली त्यांची झोजोजीची समाधिस्थळे १९४५ च्या हवाई हल्ल्यांत जळाली, १९५८ नंतर तिथे उत्खनन झाले आणि शास्त्रज्ञांनी हाडे मोजून शोगुनांची उंची, दात, जबडे सगळे नोंदवले. इएयासुची समाधी मात्र दोन्हीकडे बंद आहे. ती उघडू नये असे मला मनापासून वाटते. मृत्युपत्रात देह कुनोझानला ठेवा असे स्वच्छ म्हटले आहे, आणि आपल्या मरणाचा इतका चोख बंदोबस्त करणाऱ्या माणसाचा शब्द त्याच्या मुलाने वर्षभरात मोडला असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

म्हणून जपानला जाणाऱ्याने निक्कोबरोबर कुनोझानही करावे. शिझुओकाहून निहोनदाइरावर गेले की तिथून रोपवे आहे. पायांत बळ असेल तर समुद्राकडून ११५९ पायऱ्या चढाव्यात. पायथ्याशी दगडी बांधांवर स्ट्रॉबेरीची शेते आहेत. वरचे देऊळ नाकाई मासाकियो या सुताराने १६१७ मध्ये पुरे केले, म्हणजे निक्कोच्या आजच्या वास्तूंपेक्षा ते जुने आहे, आणि २०१० पासून तेही राष्ट्रीय ठेव्यात आहे. संग्रहालयात १५८१ मध्ये माद्रिदला घडलेले एक घड्याळ ठेवले आहे. १६०९ मध्ये जपानच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातल्या लोकांना वाचवल्याबद्दल स्पेनच्या राजाने ते इएयासुला आभारादाखल पाठवले होते. देवळामागे साडेपाच मीटर उंचीची दगडी समाधी आहे. गर्दी नसते, सावकाश पाहता येते.